पाचरीची जाड बाजू

माझ्या नवऱ्याला लोक तोंडावर मिस्तरी म्हणतात आणि पाठीमागे आडमुठा म्हणतात. दोन्ही खरं आहे. सुरतेत लिंबायतला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, शालिग्राम मिस्तरी कसा माणूस आहे म्हणून. ऐकणारा आधी कपाळावर हात मारील आणि मग चांगलं बोलेल. मी एकवीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी, त्यामुळे मी कपाळावर हात मारते आणि तेवढ्यावर थांबते.

शिरपूरकडून आम्ही सुरतेला आलो ते लूमवर काम करायला. मिस्तरी सहा महिने लूमवर होते. एक दिवस ठेकेदाराला म्हणाले, या चार नंबरच्या मशीनचा आवाज बरोबर नाही, बेअरिंग जातंय. ठेकेदार म्हणाला, तुला कापड विणायला ठेवलंय, कान लावायला नाही. चौथ्या दिवशी मशीनचा शाफ्ट तुटला. ठेकेदारानं उलट यांनाच झापलं. तसे हे तिथून निघाले ते सरळ कडोदऱ्याला चालत गेले, आणि एका सरदारजींच्या ट्रक गॅरेजात पाने पुसायला बसले. संध्याकाळी घरी आले तर डोक्यापासून पायापर्यंत काळे. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणे, "इथं निदान मशीन बिघडलं तर मशीनला दोष देतात."

सोळा वर्षं ट्रक केले त्यांनी. मग कडोदऱ्यालाच स्वतःची पत्र्याची शेड टाकली. प्लेगच्या साली अख्खी सुरत पळाली. आमची गल्ली दोन दिवसांत रिकामी झाली. मी पोरीला, धनश्रीला कडेवर घेऊन निघाले, आणि हे पठ्ठे शेड उघडून बसलेले! मी रस्त्यातच भांडले. तर म्हणाले, "लोक पळताहेत ते गाड्यांनीच ना? मग गाड्या बघायला कुणी नको?" मी पोरीला घेऊन शिरपूरला गेले आणि पंधरा दिवस देवाला आणि त्यांना, दोघांनाही शिव्या घातल्या.

त्यांची कामाची एक पद्धत. पाना नंतर, हात आधी. गाडी आली की आधी साबणानं हात धुणार. गिऱ्हाईक हसायचं, अहो मिस्तरी, हात काम झाल्यावर धुतात! पण ते म्हणायचे, तेलकट हाताला लहान थरथर कळत नाही. स्टेअरिंगची तक्रार असली तर एकाला आत बसवायचं, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवत राहायला सांगायचं, आणि आपण खाली आडवं पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. जो सांधा ढिला, तो हाताला खडखडून सांगतो. एवढंच त्यांचं शास्त्र.

आता सुकलालचं सांगते. सुकलाल माझा धाकटा भाऊ. पलसाण्याला मगनभाई शेठची कापड रंगवायची मिल आहे, तिथं तो जीप चालवायचा. जुनी, चारी चाकांना जोर लागणारी जीप. पावसाळ्यात मिलच्या मागचा रस्ता म्हणजे नुसता चिखल, दुसरी गाडी तिथं रुततेच. सुकलाल त्या जीपला बैलासारखा जपायचा. आणि दारूला शिवायचा नाही. आमच्या बापाला दारूनं खाल्लं होतं, आम्ही दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नाच्या पंगतीत कुणी बाटली काढली तरी हा ताट घेऊन उठायचा.

सत्त्याण्णव साली, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, ती जीप आमच्या शेडमध्ये आली. पुढच्या कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, पाटे मोडले होते. मिस्तरींनी नवीन पाटे बसवले, गाडी दिली. दसऱ्याला मिलमध्ये मशीनांची पूजा झाली, जीपला झेंडूचा हार पडला. आणि त्यानंतर बाराव्या दिवशी जीप पलसाण्याजवळ हायवेवरून खाली उसात गेली. आत मगनभाई शेठ स्वतः होते. त्यांचं मनगट मोडलं. सुकलालच्या कपाळाला चार टाके पडले.

शेठनी काय करावं? हाताला प्लास्टर घालून मिलच्या फाटकात उभे राहिले आणि दोन पाळ्यांच्या माणसांसमोर म्हणाले, "ड्रायव्हर पीधेलो होता." प्यायलेला होता! सुकलालचं लायसन काढून घेतलं आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. लिंबायतला सकाळी बातमी निघाली की दुपारी नंदुरबारला पोचते. सुकलालची सोयरीक तिकडेच ठरली होती. तिसऱ्या दिवशी मुलीच्या काकांचा निरोप आला, आम्ही जरा विचार करतो म्हणून. विचार करतो म्हणजे काय ते शहाण्याला कळतं.

सुकलाल माझ्या घरी येऊन भिंतीला टेकून बसला. "ताई, मी पेयेल नव्हतू वं," एवढंच म्हणाला, आणि रडायला लागला. पंचवीस वर्षांचा माणूस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी यांच्याकडे वळले. "बघत काय बसलात? तुमचा साला आहे तो!"

मिस्तरींनी त्याला एकच विचारलं. "गाडी कशी गेली?"

"साठच्या आत होतो दाजी. छोटा खड्डा लागला, आणि स्टेअरिंग असं थडथडायला लागलं की हातात धरवेना. ब्रेक मारला, तोवर चाक खाली उतरलं होतं."

"प्यायलेल्या माणसाच्या हातात स्टेअरिंग थडथडत नाही," मिस्तरी म्हणाले. "माणूस डुलतो, स्टेअरिंग नाही. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पलसाण्याला गेलो. मी का गेले? कारण सुकलालला फाटकातून आत सोडतील याची खात्री नव्हती, आणि यांना बोलता येतं याची तर मुळीच नव्हती. वॉचमननं अडवलं. मी म्हटलं, "दादा, फाटक उघडा, नाहीतर मी इथंच बसते आणि येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सगळं सांगते." उघडलं बापड्यानं.

मगनभाई शेठ ऑफिसातून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण तो हात गळ्यात अडकवलेला, दुखत असणार, आणि दुखणाऱ्या माणसाला कुणीतरी दोषी लागतो. म्हणाले, "शालिग्रामभाई, टाइम शुं काम बगाडो छो? वेळ कशाला घालवता? शहरातल्या मोठ्या गॅरेजनं गाडी तपासली. चाकं मशीनवर तोलली. स्टेअरिंगला आडवा शॉकर बसवला. लिहून दिलंय, गाडी ओके."

"मला अर्धा दिवस द्या," मिस्तरी म्हणाले. "गाडीत दोष निघाला नाही, तर मी स्वतः याला चौकीवर नेऊन बसवतो."

अरे, असं कबूल करतात का? पण बाण सुटला होता. शेठ म्हणाले, "कर."

जीप बॉयलरच्या बाजूला उभी होती. मिस्तरींनी नळावर हात धुतले. पहिल्यांदा तो नवा शॉकर सोडून बाजूला ठेवला. म्हणाले, "थरथर दाबणारा हा शॉकर म्हणजे दुखऱ्या दाढेवर लवंग. दुखणं झाकतं, दाढ तशीच." मग स्टेअरिंगवर बसायला माणूस हवा. सुकलालला हात लावू द्यायचा नाही असं शेठचं म्हणणं, आणि मिलमधला एकही माणूस पुढं येईना, शेठची भीती. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं.

"मी?" मी म्हटलं.

"बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे. पोळपाट फिरवता येतो ना?"

बसले! पदर खोचला आणि चढले वर. जन्मात गाडीच्या त्या जागेवर बसले नव्हते. लोडिंगवाले हसायला लागले, एकजण ओरडला, "मावशी, हॉर्न तरी वाजवा!" मी दाबून हॉर्न वाजवला. तसे गप्प झाले.

मी हलवत होते आणि खालून आवाज येत होता, "हां. हां. थांब. परत." दोन तास. चाकं एकेक करून जॅकवर उचलली, वर-खाली धरून हलवली, आडवी धरून हलवली. ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती किंगपिन घट्ट. बेअरिंग घट्ट. स्टेअरिंगची पेटी चासीला जिथं बसते तिथले बोल्ट घट्ट. दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीच्या, टायरॉडच्या एका टोकाला थोडी ढिलाई होती, पण थोडीच. उन्हात माझ्या मांड्या सीटला चिकटल्या आणि मिस्तरी बाहेर आले तेव्हा तोंड उतरलेलं. एवढ्याशा ढिलाईनं गाडी उसात जात नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि तोंडावर दिसत होतं. शेठ सावलीत खुर्ची टाकून बसले होते. घड्याळ बघितलं त्यांनी.

मिस्तरींनी सुकलालला जवळ बोलावलं. "अजून काय करत होती? थडथडायच्या आधी? आठव."

"वळवली की वळलेलीच राहायची, दाजी. आपसूक सरळ येत नव्हती. हातानं ओढून सरळ करावी लागायची. मी तुम्हाला दसऱ्याला बोललो होतो."

"मी काय म्हटलं?"

सुकलाल खाली बघायला लागला. "तुम्ही म्हटलात, नवीन कमान आहे, बसेल."

मिस्तरींनी पुन्हा नळावर हात धुतले. परत जीपखाली गेले. यावेळी मला हलवायला सांगितलं नाही. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि ते पाय हलेनात. किती वेळ! मला वाटलं, ऊन लागलं की काय यांना. शेवटी आतून हळूच हाक आली, "प्रमिला, खाली ये."

मी उतरले, गुडघ्यावर बसले, मान वाकडी करून आत पाहिलं. ते उताणे पडले होते आणि बोट एका ठिकाणी टेकवलेलं होतं. अ‍ॅक्सल आणि कमान यांच्यामध्ये एक लोखंडी पाचर असते, एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. घरी खाटेचा पाय बुटका असला की आपण लाकडाची चकती घालतो ना, तसंच. तिच्यामुळं चाकाचा आस जरासा मागं कलतो. सायकलीचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो म्हणून सायकल हात सोडून चालते. तो उलटा बसवला तर सायकल भलतीकडेच पळते.

"चूक मन्ही शे," ते म्हणाले. घरची भाषा बाहेर आली की समजायचं, माणूस मुळापासून हललाय. "ट्रकला कमान अ‍ॅक्सलच्या वर असते. तिथं जाड बाजू मागं. जीपला कमान अ‍ॅक्सलच्या खाली. इथं जाड बाजू पुढं पाहिजे. सोळा वर्षं ट्रकला लावली, हातानं इथंही मागंच लावली. दोन्हीकडे."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, सुटलो! दोष गाडीत निघाला. आणि लगेच दुसरं वाटलं की हे कुणालाच कळलेलं नाही. जीपखाली ते एकटे, कान लावून मी एकटी. मी डोकं आणखी आत घातलं आणि पुटपुटले, "किंगपिन गेली होती म्हणा. पाचर गुपचूप फिरवा. सुकलाल सुटला, तुम्ही सुटलात. कोण बघतंय?"

"किंगपिन एका दिवसात जात नाही," ते म्हणाले. "शेठ म्हणतील, चार महिने गाडी खडखडत होती तर ड्रायव्हर झोपला होता का? फिरून त्याच्याच गळ्यात."

"मग टायरॉड म्हणा!"

"तेच."

"अहो, शेडवर कुणी येणार नाही परत! मिलच्या चार गाड्या आहेत आपल्याकडे. पोरीचं काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यानं मला सांगितलं होतं, प्रमिला. मी ऐकलं नाही. तो ठेकेदार माझं ऐकत नव्हता तसं मीही ऐकलं नाही. आता मी गप्प बसू?"

मी म्हटलं, "तुमचं डोकं फिरलंय." आणि उठून उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी भावाचीही फिकीर नव्हती मला, इतका त्या माणसाचा राग आला.

मिस्तरी बाहेर आले. अंगावरची धूळसुद्धा झटकली नाही. शेठसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ, सुकलालचा दोष नाही. गाडीचाही नाही. माझा आहे. पुढच्या कमानीची पाचर मी उलटी बसवली. तुमचं मनगट माझ्यामुळं मोडलं."

शेठ खुर्चीतून उठले. "आ गांडो छे के शुं? स्वतःच येऊन सांगतो?"

"वेडा नाही. मिस्तरी आहे," हे म्हणाले. "माझंच काम बघायला आलो होतो, सापडलं."

शेठचा चेहरा लाल झाला. जे बोलायचं ते बोलले, गुजरातीत बोलले, हिंदीत बोलले, दोन्ही संपल्यावर प्लास्टरचा हात दाखवला. मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. शेवटी शेठ म्हणाले, "या मिलची एकही गाडी तुझ्या शेडवर येणार नाही. आजपासून नाही."

"बरोबर आहे तुमचं," हे म्हणाले. "आता सुकलालचं लायसन द्या. आणि तो प्यायला नव्हता, हे सांगा."

"लायसन देतो. सांगायचं काय त्यात?"

"तुम्ही दारुडा म्हणालात ते फाटकात उभं राहून म्हणालात. परत घ्यायचं तेही फाटकात."

मी आडमुठा म्हणते ते उगीच नाही. चूक स्वतःची, काम गेलेलं, समोर मनगट मोडलेला शेठ, आणि हा माणूस त्याला अट घालतोय! पण शेठही काही कमी नव्हते. म्हणाले, "आधी पाचर बदल. मग गाडी त्याच जागेवरून त्याच वेगानं नेऊन आण. तुझं बोलणं खरं ठरलं तर फाटकात सांगतो. पण त्या गाडीत बसणार कोण? माझा एकही माणूस मी देणार नाही."

दीड तास लागला. दोन्ही बाजूचे यू-बोल्ट सोडले, अ‍ॅक्सल जॅकवर तोलला, पाचरी काढून जाड बाजू पुढं करून बसवल्या. टायरॉडचं ते ढिलं टोकही आवळलं. आडवा शॉकर नेऊन शेठच्या खुर्चीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "याची गरज नाही." मग सुकलालला म्हणाले, "बस."

सुकलाल जागचा हलेना. कपाळावरच्या टाक्यांना हात लावून उभा राहिला. पाळी सुटलेली माणसं गोळा झाली होती, हसत नव्हती आता, नुसती बघत होती. त्याला वाटत असेल, आपल्याला परत त्या उसात जायचंय. मिस्तरी मागं चढून बसले. ते म्हणाले, "चूक माझी, तर गाडीत मी आहेच." तरी सुकलाल उभाच.

मग मी चढले. ड्रायव्हरच्या शेजारी. पदर परत खोचला. "सुकलाल," मी म्हटलं, "वर ये. मला उशीर होतोय, पोरगी शाळेतून आली असेल."

आला. फाटकातून निघालो तेव्हा त्यानं स्टेअरिंग असं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. पहिल्या वळणावर मिस्तरी मागून म्हणाले, "वळवून सैल सोड." त्यानं भीत भीत सैल सोडलं. स्टेअरिंग त्याच्या तळहाताखालून सरकत आपसूक सरळ झालं. सुकलालनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

हायवेला लागलो. चाळीस. पन्नास. मला खोटं बोलता येत नाही, मी सीटखालची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि कुलदैवताला नारळ कबूल केला होता. उसाचं ते शेत आलं, मोडलेला ऊस अजून तसाच आडवा पडलेला. साठला काटा टेकला. खड्डा दिसला मला. सुकलालचा पाय ब्रेककडे जायला लागला, आणि मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागं बसलेल्या माणसानं कबूल करू नये म्हणून मी दोन तासांपूर्वी जीपखाली डोकं घालून बोलत होते, आणि आता त्याच्याच शब्दावर माझा जीव टांगलेला होता.

"नको दाबू," मी म्हटलं. "हात सोड."

"ताई!"

"सोड म्हणते ना!"

सोडले त्यानं. दोन्ही हात, एक वीतभर वर. खड्डा लागला, जीप दणकन आपटली, माझे दात एकमेकांवर आपटले, आणि गाडी सरळ. नुसती सरळ! स्टेअरिंग एकदा हललं आणि जागेवर आलं. सुकलाल ओरडला की रडला ते मला कळलं नाही, मीही काहीतरी ओरडत होते. मागून आवाज आला, "दोघंही ओरडू नका, आता हात ठेव स्टेअरिंगवर."

परत आलो तेव्हा पाळीतली बरीच माणसं फाटकात होती, काही मागं बॉयलरपाशी. शेठ मधोमध उभे. त्यांनी जीपच्या चाकांकडे पाहिलं, सुकलालकडे पाहिलं, खिशातून लायसन काढून त्याच्या हातात दिलं. आणि जरा खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत म्हणाले, "सुकलाल पीधेलो नहोतो. प्यायला नव्हता. माझं चुकलं."

मिस्तरींच्या लेखी हिशोब झाला होता. ते पाने पिशवीत भरायला लागले होते.

मी जीपमधून उतरले नाही. वरूनच म्हटलं, "शेठ, जरा मोठ्यानं. बॉयलरपाशी उभी आहेत त्यांना ऐकू आलं नाही."

आणि शेठ मोठ्यानं बोलले.